फुकुओकात जपानी शिकताना

पुण्यात जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी पास झाले आणि फुकुओकातल्या एका भाषाशाळेत प्रवेश घेतला. टोकियोपेक्षा तिथे घरभाडं कमी, म्हणून हे शहर निवडलं. व्हिसाआधी 'सीओई' हे पात्रतेचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज शाळाच तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे करते. खर्च कोण करणार, त्याचे बँकेचे कागद बारकाईने तपासले जातात. बाबांनी ते आधीच जमवले होते, म्हणून धावपळ झाली नाही.

जपानात उतरल्यावर रहिवासी कार्ड विमानतळावरच मिळालं. अर्धवेळ कामाच्या परवानगीचा अर्जही तिथेच दिला. राहायला गेल्यावर चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवावा लागतो. त्याच फेरीत आरोग्य विमा काढला. त्यामुळे दवाखान्याच्या बिलातले तीस टक्केच आपल्याला भरावे लागतात. वय वीस किंवा त्यापुढे असेल तर पेन्शनमध्येही नाव घालावं लागतं. उत्पन्न नसल्यास सवलतीचा अर्ज लगेच भरावा, नाहीतर हप्त्यांची पत्रं घरी येऊ लागतात.

फुकुओकात कचरा रात्री उचलतात. सूर्यास्तानंतर बारापर्यंत तो बाहेर ठेवायचा. जळणारा लाल पिशवीत, न जळणारा निळ्या, बाटल्या पिवळ्या. पिशव्या महापालिकेने ठरवलेल्याच हव्यात, त्या दुकानात विकत मिळतात. शेजारच्या आजींनी मला वारांचा तक्ता समजावून दिला. तिथे गेल्यावर शाळेबाहेर कुणाशी इतकं बोलले, ते पहिल्यांदाच.

वर्गात व्याकरण सोपं गेलं. क्रियापद शेवटी येतं, नामाला मागून प्रत्यय लागतात, मराठीसारखंच. कांजींनी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरांनी, मात्र रडवलं. चिनी मुलं धडा नजरेखालून घालायची, मी पहिल्याच ओळीत अडकलेली असायचे. सुट्टी झाली की आम्ही भारतीय आणि नेपाळी मुलं हिंदीत बोलायचो. काही महिने गेले, तरी डॉक्टरांना दुखणं सांगता येईना. घरी फोनवर 'छान चाललंय' एवढंच सांगायचे.

विद्यार्थ्याला आठवड्याला अठ्ठावीस तास काम करता येतं. पहिलं काम बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात मिळालं, तेही रात्रपाळीचं. तोंडाला मास्क, समोर सरकता पट्टा, बोलणं शून्य. पैसे मिळाले, पण सकाळी वर्गात डोळे मिटायचे. हजेरी घसरली की व्हिसा वाढवताना अडचण येते, म्हणून ते सोडलं.

मग उदोन नूडल्सच्या एका छोट्या दुकानात लागले. पगार थोडा कमी, पण दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलावं लागायचं. म्हातारी माणसं तिथल्या हाकाता बोलीत बोलत. पुस्तकातलं जपानी तिथे अपुरं पडायचं, मग पुन्हा विचारायचे. मी शाकाहारी, आणि रश्शात माशाचा अर्क. मालकीणबाई माझ्यासाठी उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेला ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, वेगळा ठेवायच्या. तो खाताना त्यांच्याशी व्हायच्या त्या गप्पांनीच माझी भीड चेपली.

दुसरा आधार कोमिनकानचा, म्हणजे वस्तीतल्या समाजमंदिराचा. तिथे स्वयंसेवक परदेशी लोकांना जपानी शिकवत. वॉर्ड ऑफिसातून आलेलं पत्र घेऊन जायचं, ते शेजारी बसून वाचून घेत. वर्गात डोक्यात न बसलेल्या कांजी अशा पत्रांतून पक्क्या झाल्या.

जाणाऱ्यांना एवढंच सांगेन: निदान एन-४ इथेच करून जा, कारण तिथला पहिला महिना कागदपत्रांतच जातो. काम निवडताना पगाराआधी तिथे बोलायला मिळेल का, ते विचारा. आणि पोहोचल्याच आठवड्यात जवळचं कोमिनकान शोधा.