नववे टेबल

१/ डेटाबेसमधील टेबले कोणत्या क्रमाने जोडावीत, हे कोणी ठरवायचे? या प्रश्नाचा इतिहास आज सांगतो. त्यात माझ्या एका चुकीची कबुलीही आहे.

२/ काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या याद्यांचे काम माझ्याकडे होते. आठ टेबले जोडणारी क्वेरी साऱ्या राज्याची यादी काढी. एकाच तालुक्याची यादी हवी म्हणून नवख्या सहकाऱ्याने तालुक्यांचे टेबल शेवटी जोडून अट घातली. तरीही वेळ साऱ्या राज्याइतकाच लागला. मी त्याला चारचौघांत बोललो. तो एवढेच म्हणाला, ‘सर, क्रमाने फरक पडत नाही, असे तुम्हीच शिकवले होते.’

३/ ते वचन जुने आहे. १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल पद्धत मांडली : काय हवे ते माणसाने सांगावे, कसे शोधावे ते यंत्राने पाहावे.

४/ ‘कसे’ची बाजू १९७९ मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी सांभाळली. सिस्टिम आर या प्रकल्पात त्यांनी प्रत्येक मार्गाचा खर्च आधीच अंदाजायची रीत बसवली. डिस्कवरची किती पाने वाचावी लागतील, हा त्या हिशेबाचा कणा होता.

५/ दहा टेबले एकामागून एक जोडण्याचे क्रम ३६,२८,८०० होतात. सेलिंजर यांनी आधी जोड्यांचे, मग त्रिकुटांचे स्वस्त मार्ग टिपून ठेवले. त्यामुळे १,०२३ गटांचा विचार पुरतो. तरी प्रत्येक नव्या टेबलागणिक गट दुपटीने वाढतातच.

६/ म्हणून पोस्टग्रेसने मर्यादा घातली आहे. ‘जॉइन कोलॅप्स लिमिट’ हे सेटिंग मुळात ८ असते. त्यापलीकडे, जॉइन असे स्पष्ट लिहिलेले टेबल प्लॅनर लिहिल्या जागीच ठेवतो. आमचे नववे टेबल असेच बाहेर राहिले. आधी सारे राज्य जोडले जाई, तालुक्याची चाळण त्यानंतर लागे.

७/ उपाय दोन होते : मर्यादा १० करणे, किंवा तालुक्यांचे टेबल सर्वांत आधी लिहिणे. दुसरा केला, यादी क्षणात निघाली.

८/ कॉड यांचे वचन खोटे नव्हते. ते कुठवर पाळले जाते, हे मी शिकवले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याच चारचौघांत मी त्याची क्षमा मागितली.