आजीचा शालू आणि एसआरजीबी

घाटंजीच्या लग्नात मी आजीचे फोटो काढले. डाळिंबी शालू, नाकात नथ, मागे रानात फुललेला पळस! पुण्यात परतल्यावर दोन रात्री फोटोशॉपमध्ये घालवल्या आणि फोटो मामाच्या मोबाइलवर पाठवले. आजीचा लगेच फोन, ‘हा माहा शालू नोहे बाप्पा. असा इटका कसा झाला?’

चूक माझीच. कॅमेरा अ‍ॅडोब आरजीबीवर होता. १९९८चं हे प्रोफाइल रंगांच्या बाबतीत जरा ऐसपैस. एक्सपोर्ट करताना ते फाइलला जोडायचंच राहिलं. मग मोबाइल तेच आकडे १९९६च्या, एचपी-मायक्रोसॉफ्टच्या एसआरजीबीतले समजून वाचतो. रंग फिके पडणारच.

उपाय सोपा आहे, बॉस! मूळ फाइल तशीच ठेवा. कॉपीवर ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’मधून एसआरजीबी निवडा. ‘असाइन’ नको, त्यात आकडे तेच राहतात, नुसतं लेबल बदलतं. सेव्ह करताना कलर प्रोफाइलच्या चौकोनात टिक करायला विसरू नका.

फोटो पुन्हा पाठवले. ‘हां, आता माहा!’ आजी खूश.

माझ्या स्क्रीनवर शालू पहिल्यापासून डाळिंबीच होता. म्हणून तर मला काहीच कळलं नव्हतं.