अण्णांचा हेडलाइट

"मग बाईंनी दिवसाउजेडी संपणारी 200च करावी की, मॅडम."

हे ज्यांनी मला फोनवर ऐकवलं ते गृहस्थ वाईट नाहीत. सायकलवर त्यांचा जीव आहे, नवख्यांना ते स्वतःची ट्यूब काढून देतात. पण त्यांचं हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मध्ये हिवाळे गेले, मी सायकल विकायला काढली, परत ठेवली, आणि गेल्या महिन्यात मोबाइलवर एक माहितीपट पाहताना सगळं पुन्हा वर आलं.

आधीचं पटकन सांगते. मी सोलापूरची, पतसंस्थेत नोकरी, घरी नवरा, दोन मुलं, सासूबाई. सायकल आली गुडघ्यासाठी. डॉक्टर म्हणाले चालू नका, सायकल मारा. घेताना कळत नव्हतं म्हणून जाड टायरची एमटीबी घेतली, ती डोंगरासाठी असते आणि आपल्याकडे डोंगर तुळजापूरच्या घाटाशिवाय नाही, हे नंतर कळलं. मग सकाळच्या ग्रुपमध्ये गेले, मग बीआरएम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत संपवायचं. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300ला 20, 400ला 27, 600ला 40. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. ही पद्धत मूळची फ्रान्सची. पंक्चर आपलं आपण काढायचं, खाणं-पिणं आपलं आपण बघायचं. घरच्यांची गाडी कंट्रोलवर, म्हणजे कार्डावर सही घ्यायच्या ठरलेल्या ठिकाणी, भेटली तर चालते, दोन कंट्रोलच्या मधल्या रस्त्यावर नाही. हा नियम मला तेव्हाही पटत होता.

माझी 300 होती सोलापूर ते भिगवण आणि परत. सकाळी सहाला सुटायचं, रात्री दोनच्या आत यायचं. महिना डिसेंबरचा, म्हणजे ऊस रस्त्यावर. जाताना वारा पाठीशी होता. मोहोळ, टेंभुर्णी, उजनीचं पाणी बघत भिगवण, सगळं वेळेत. येताना तोच वारा तोंडावर आला. माझ्या जाड टायरला वारा म्हणजे काय ते पातळ टायरवाल्यांना कळणार नाही. टेंभुर्णीच्या कंट्रोलवर कार्डावर सही घेतली तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता आणि मी एकटी होते. बरोबरचे पुढे गेलेले. त्यांचा दोष नाही, माझा वेगच तेवढा.

टेंभुर्णी ते मोहोळ मी कशी आले ते मला नीट सांगता येणार नाही. ट्रकची मला भीती वाटत नाही, ट्रक सरळ जातो. दोन मोटारसायकली होत्या. एक पुढे जायची, थांबायची, मी पुढे गेले की परत मागून यायची. कुणी काही बोललं नाही, काही केलं नाही. तक्रार करावी असं काहीच घडलं नाही. एका पेट्रोलपंपावर मी उजेडात उभी राहिले, त्या मोटारसायकली जाईपर्यंत. तिथून घरी फोन केला. नवऱ्याला मुलं सोडून निघता येईना, म्हणून अण्णा निघाले.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, याच रस्त्यावर त्यांनी आयुष्यभर रात्रीच्या गाड्या नेल्या. मोहोळच्या अलीकडे स्कूटर लावून उभे होते. कानाला मफलर. मी थांबले तर म्हणाले, "थांबू नको. तुझ्या त्या कागदात लिहिलंय, मदत घ्यायची न्हाई. मी काय देणार न्हाई. पाणी पण मागू नको. तू हो पुढं, मी हाय मागं."

आणि अण्णांनी नियम अक्षरशः पाळला. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, घरात सगळे कंटाळलेत, तरी इथंही सांगते. मोहोळ ते सोलापूर पस्तीसेक किलोमीटर तो माणूस माझ्या मागे दहा-बारा फुटांवर, माझ्या वेगानं, म्हणजे स्कूटर बंद पडेल इतक्या हळू येत होता. एका चढावर मला उचकी लागली, माझी बाटली संपलेली. मी मागे वळून बघितलं. अण्णा थांबले, डिकीतून स्वतःची बाटली काढली, घटाघटा प्यायले, झाकण लावलं, परत आत ठेवली. मला म्हणाले, "पुढं हॉटेल हाय, तिथं इकत घे." मी विकत घेतलं. बिल अजून आहे. चेन उतरली तेव्हा स्कूटरवर बसून बघत राहिले, हात लावला नाही. एसटीतला माणूस, त्याला लिहिलेला नियम म्हणजे काय ते कळतं.

सावळेश्वरच्या टोलनाक्याच्या आसपास रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. टायर फुटला असावा, ट्रॅक्टर दुसरी ट्रॉली घेऊन निघून गेलेला. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चार दगड मांडून ठेवलेले. अण्णांच्या हेडलाइटमध्ये ती मला लांबून दिसली आणि मी बाहेरून गेले. माझ्या सायकलच्या दिव्यात ती दिसली असती का? असतीही. किती लांबून, ते मी सांगू शकत नाही.

कोंडी, बाळे, आणि सोलापुरात शिरले. वेळ शिल्लक होती. कार्ड जमा केलं. अण्णा कोपऱ्यावरच थांबले, "तुझ्या लोकांत मी कशाला" म्हणून.

काही दिवसांनी निकाल लागला. माझ्या नावापुढे 'बाद'. म्हणून मी आयोजकांना फोन केला.

"मॅडम, मागं गाडी होती ना?"

"होती. माझे वडील होते."

"मग झालं की. फॉलो गाडी चालत नाही. कुणीतरी व्हिडिओ पाठवलाय."

"त्यांनी मला काहीही दिलं नाही. पाणीसुद्धा."

"उजेड दिला ना."

यावर मला काही सुचेना. मग मी त्या मोटारसायकलींचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता, आणि मग ते 200चं वाक्य. वर "मॅडम".

आता इथं मी एक गोष्ट सांगणार आहे आणि ती सांगणं बरोबर नाही असं माझा नवरा म्हणतो. जाताना, टेंभुर्णीच्या पलीकडे एका धाब्यावर आमच्यातले चार जण बसले होते. शेजारी त्यांच्या मित्राची कार. डिकीत डबे. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, वर एकाच्या पायाला स्प्रे मारणं चाललेलं. मलाही बोलावलं, "या की वहिनी." मी नको म्हटलं आणि पुढच्या हॉटेलात मिसळ खाल्ली, ती सगळ्या रस्त्याने छातीशी आली. तो धाबा कंट्रोल नव्हता. त्या चौघांचं 300 मान्य झालं, पदक आलं, फोटो आले. त्यांच्याबद्दल मी तेव्हा तक्रार केली नाही, आताही नाव घेत नाही. पण दुपारी उन्हात भाकरीचा डबा कुणी मोबाइलवर टिपत नाही, आणि रात्री बाईच्या मागचा म्हातारा मात्र लगेच टिपतात, एवढं तरी म्हणू द्या.

तर माहितीपट. नाव 'आय जस्ट वाँट टू राइड'. लेल विलकॉक्स ही अलास्काची बाई आणि टूर डिव्हाइड ही शर्यत. कॅनडातल्या बॅन्फपासून रॉकी पर्वताच्या कण्याने अमेरिका उभी कापत मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटलोप वेल्सपर्यंत, सुमारे 4,400 किलोमीटर. बहुतेक कच्चा रस्ता, खडी, जंगल. जाड टायरची सायकल इथं कामाची, हे बघून मला बरं वाटलं. प्रवेश फी नाही, बक्षीस नाही, मदतीची गाडी नाही. जे दुकान सगळ्यांना उघडं आहे तिथं खा, झोप, सायकल दुरुस्त कर. आधी ठरवून कुणाची मदत घ्यायची नाही. लेलनं 2015 साली पहिल्यांदा ही शर्यत केली तेव्हा ती अलास्काहून बॅन्फला सायकलवरच आली होती, आणि बायकांचा तोवरचा विक्रम मोडून 17 दिवसांत पोचली. ही फिल्म 2019 सालच्या तिच्या प्रयत्नाची. फिल्म केली ती तिची जोडीदारीण रुगिले कालादिते हिनं.

आणि भांडण नेमकं त्यावरच. शर्यतीआधीच काही जाणत्या मंडळींनी आक्षेप घेतला. म्हणे, ओळखीचं, जिव्हाळ्याचं माणूस कॅमेरा घेऊन रस्त्यात भेटत राहणार, म्हणजे मनाला आधार मिळणार, म्हणजे मदत. खायला देवो न देवो.

हे कळल्यावर मी फिल्म थांबवली आणि नवऱ्याला हाक मारली. म्हटलं, बघ, तिकडंही तेच. उजेड दिला ना!

पण पुढची फिल्म बघताना माझा राग मला पाहिजे तसा टिकला नाही. ही बाई रात्री अस्वलांच्या जंगलातून एकटी जाते. थकली की रस्त्याकडेला आडवी होते. न्यू मेक्सिकोत पावसानं रस्त्याचा चिखल केला आणि इतकं आल्यावर तिला शर्यत सोडावी लागली. रडली, पण कुणावर ढकललं नाही. तिचीच आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. 2016 साली अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या ट्रान्स ॲम शर्यतीत शेवटच्या रात्री पहिल्या नंबरावरचा स्टेफेन श्ट्राइख झोपेतून उठून चुकीच्या दिशेनं निघाला आणि समोरून येणाऱ्या लेललाच भेटला. म्हणाला, बरोबरच संपवू. ती म्हणाली, ही शर्यत आहे. आणि निघून गेली. पुरुषांसकट सगळ्यांत पहिली आली. हे वाचलं तेव्हा मी टाळी वाजवली होती. मग माझ्याच बाबतीत मला सूट कशी पाहिजे? अण्णा मागे होते म्हणून मी निर्धास्त चालवत होते, हे खरंच आहे. निर्धास्तपणा ही मदत नाही तर काय?

दोन-तीन दिवस मी याच मताची होते. नियम बरोबर, मी बाद, विषय संपला.

मग अमेरिकेतल्याच रेस अक्रॉस अमेरिकाचे नियम वाचले. हीच ती शर्यत, जी नाशिकच्या डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली दोघांच्या गटात पूर्ण केली, नागपूरच्या डॉक्टर अमित समर्थनी 2017 साली एकट्यानं, आणि नवी मुंबईच्या कबीर राचुरेनं 2019 साली. कबीरच्या मदत पथकाची प्रमुख त्याची बहीण सपना. सुमारे 4,800 किलोमीटर, एकट्याला 12 दिवस. त्या शर्यतीत रात्री मागे गाडी असावीच लागते, आणि स्वाराने तिच्या हेडलाइटच्या उजेडातच चालवायचं असतं. नाहीतर दंड. म्हणजे जगातल्या एका मोठ्या शर्यतीत मागचा उजेड सक्तीचा आणि माझ्या मोहोळ-सोलापूर रस्त्यावर त्याच उजेडासाठी बाद. शर्यती वेगळ्या आहेत, मान्य. पण मग उजेडात पाप काही नाही, ठरवाठरवीचा प्रश्न आहे, एवढं तरी मान्य करा. ठरवणारे सगळे असे असतात की ज्यांच्या मागे रात्री मोटारसायकल थांबत-थांबत येत नाही.

यावर मला हमखास पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचं उदाहरण देतात. 2018 साली विशीत पोचण्याच्या सुमारास ती एकटी जगभर सायकलवर फिरली, 29,000 किलोमीटर, 159 दिवस. ती करते, तुम्हाला का जमत नाही? मुलगी अफाटच आहे. पण तिला स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं होतं, डोक्याला मार लागला होता, हे उदाहरण देणारे सांगत नाहीत. तिनं ते सोसलं म्हणून प्रत्येकीनं सोसण्याची तयारी ठेवूनच नाव द्यावं का? गुडघ्यासाठी सायकल घेतलेल्या पतसंस्थेतल्या बाईनं पण? आमच्या ग्रुपमधल्या दोघी 200च्या पुढे गेल्याच नाहीत, आणि कारण विचारलं की "घरी जमत नाही" म्हणतात. घरी काय जमत नाही ते मला माहीत आहे.

अण्णांना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांना कुठून तरी कळलंच. म्हणाले, "माझ्यामुळं गेलं व्हय तुझं पदक? मग लांबून आलो असतो की." मला त्या 'बाद'पेक्षा याचाच जास्त राग आला. नेमका कुणावर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आयोजकांना माझं सांगणं आहे. शेवटचा रात्रीचा टप्पा दोघा-तिघांनी मिळून करायची सोय लावा. बीआरएममध्ये एकत्र चालवायला कुठंच मनाई नाही, फक्त हळू चालवणाऱ्याला कुणी धरून राहत नाही. टेंभुर्णी-मोहोळमध्ये एक जादा कंट्रोल ठेवा, माणूस बसवा. आणि बायकांना 200चा सल्ला देऊ नका.

दुसरं सांगणं वाचकांना. गाळप हंगामात ऊस वाहणारं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर ट्रॉलीला मागून लाल रिफ्लेक्टर लावायला सांगा, आणि ट्रॉली रस्त्यात सोडून जायची वेळ आलीच तर दगडांवर भरवसा ठेवू नका म्हणावं. दगड रात्री दिसत नाहीत.