पावणेतीन

मी साताऱ्याची, त्यातून कॉन्व्हेंटची. म्हणजे कोणी ‘एकोणसत्तर’ म्हटलं की आधी मनातल्या मनात बोटं मोजणारी. होस्टेलवर यावरून माझी भरपूर चेष्टा होते, आणि ती रास्तच आहे.

तर झालं असं. मिनी प्रोजेक्टसाठी २०१९ च्या महापुराचा ग्राफ काढायचा होता. आयर्विन पुलाचे आकडे होतेच. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. पण मला सांगलीतल्या मामीची नोंद हवी होती. दूध-गॅसचा हिशोब लिहितात तसं तिने कालनिर्णयवर पाणी लिहून ठेवलं होतं. कुठली पायरी, किती वाजता. त्या पानाचा फोटो मागवला.

एक्सेलमध्ये भरलं, तर महापूर मे महिन्यात सुरू होऊन डिसेंबरपर्यंत! लॅबच्या पीसीची सेटिंग अमेरिकन. ५/८ म्हणजे त्याला ८ मे, १२/८ म्हणजे ८ डिसेंबर. १३/८ ला तेरावा महिना सापडेना, म्हणून ती नुसती अक्षरं समजून डावीकडे चिकटवलेली. एक्सेलला तारीख कळतच नाही हो, आकडा कळतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून ७ ऑगस्ट २०१९ म्हणजे ४३६८४. वेळ हा त्याचा अपूर्णांक, सकाळचे सहा म्हणजे ०.२५. (१९०० साली नसलेली २९ फेब्रुवारीही तो मोजतो, लोटसची जुनी चूक तशीच उचललेली. कॉपी करताना चुकाही कॉपी होतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको!)

सेटिंग बदलली, पुन्हा सगळं भरलं. तरी सात तारखेच्या पहाटे रेघ सरळ उभी. ३:१५ ला पाणी तिसऱ्या पायरीवर आणि ३:१५ लाच उंबऱ्यावर. मामी घाबरून चुकीचं लिहून बसली, असं मी ठरवूनच टाकलं आणि फोन लावला.

“वाच बरं, काय लिहिलंय?”

“पावणेतीन, तिसरी पायरी. सव्वातीन, उंबरा.”

“मग पावणेतीन म्हणजे किती गं?”

“तीन-पंधरा. पाव म्हणजे क्वार्टर ना?”

मामी खो खो हसत सुटली. “अगं बाई, तीनाला पाव कमी!”

२:४५.

मग ती हसायची थांबली. त्या अर्ध्या तासात मामाने आजीला पाठुंगळीला घेऊन, गुडघाभर पाण्यातून समोरच्यांच्या गच्चीवर नेलं होतं. लाइट गेलेली, जिना अरुंद. आजी सारखी म्हणत होती, खाली ठेव मला, तुझी पाठ जाईल. उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हा मामी घरात एकटी होती, देव गोळा करत. नंतर आजी साताऱ्याला आमच्याकडे महिनाभर राहिली, पण यातलं एक अक्षर बोलली नाही. आता विचारायला ती नाही. आणि माझ्या फाइलमध्ये तो अर्धा तास शून्य झाला होता.

सेलमध्ये २:४५ टाकलं. रेघ तिरकी झाली.

“रविवारी येताना प्रिंट घेऊन ये,” मामी म्हणाली, “मामाला दाखवू.”