अस्तराचे गाव

कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसले की पहिले स्थानक शहाड आणि दुसरे आंबिवली. आंबिवलीला उतरून उल्हास नदीच्या बाजूस वळले की मोहने लागते. टिटवाळ्यास गणपतीच्या दर्शनाला निघालेली मंडळी या स्थानकावर खिडकीबाहेर सहसा पाहत नाहीत. पुरुषांच्या उंची पोशाखाविषयी लिहू पाहणाऱ्याने मुंबईतील एखाद्या झगमगत्या दालनापासून आरंभ करायचा सोडून येथून का करावा, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. नामांकित कोटावरचे लेबल बाहेरून दिसत नाही. ते आतल्या अस्तरावर टाचलेले असते. आणि असल्या तलम, निसरड्या अस्तराला लागणारे रेयॉनचे सूत हेच मोहन्याचे पीक होते.

नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे लोकांच्या तोंडी एन.आर.सी. कारखाना, त्याची वसाहत, पाळीच्या भोंग्यावर उघडणारी दुकाने आणि पगाराच्या तारखेला फुलणारा बाजार, असे हे गाव वाढले. २००९ मध्ये कारखाना बंद झाला. हजारो कामगारांचे पगार थांबले आणि त्यांच्या थकीत देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे चालला. एका कारखान्यावर उभा असलेला बाजार कसा बसतो, हे व्यापारी घरांतील वाचकांना सांगावयास नको. उधारीची वही तीच राहते. वहीतील नावे मात्र गाव सोडून जातात.

रेयॉनची कथा आपल्या घरांना अधिक जवळची आहे. १८९२ साली इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघांनी लाकडाच्या लगद्यापासून धागा काढण्याच्या व्हिस्कोस पद्धतीचे पेटंट घेतले. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, पिळायचा, कुस्करून मुरवायचा, कार्बन डायसल्फाइडशी मिसळायचा. मग तो नारिंगी गोळा पुन्हा सौम्य सोड्यात विरघळवून मधासारखा दाट द्रव करायचा आणि अतिसूक्ष्म छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडायचा. कुंडातून बाहेर येतो तो धागा. जग त्याला आधी कृत्रिम रेशीम म्हणत असे. आपल्या कापडबाजारात तो ‘आर्ट सिल्क’ झाला.

रेशमाचा अखंड तंतू मिळावा म्हणून कोशातील जीव उष्णतेने मारावा लागतो. एका साडीमागे असे हजारो कोश लागतात. म्हणून आपल्यातील अनेक घरांनी रेशीम वर्ज्य केले. तर अनेक घरांत पूजेच्या वस्त्राला रेशमाचेच पावित्र्य राहिले. हा वाद आपल्या परिचयाचा आहे. लाकडापासून निघालेल्या या झळाळत्या धाग्याने तो सुटल्यासारखा वाटला. परंतु कार्बन डायसल्फाइडचा वायू श्वासावाटे शरीरात जात राहिला, तर मज्जातंतू आणि हृदय यांना तो बाधतो. शंभर वर्षांहून अधिक काळ अनेक देशांतील व्हिस्कोस कामगारांनी हे भोगले असून पॉल ब्लांक या वैद्याने त्यावर ‘फेक सिल्क’ नावाचा ग्रंथच लिहिला आहे. शिवाय सोडा, आम्ल आणि पाण्याचा उपसा हे सारे कोणत्या तरी नदीच्या काठी होते. कीटक वाचला, इतके म्हणून हिशेब मिटत नाही. तरीही रेशीम आणि रेयॉन यांत निवड करायची वेळ आली तर मी रेयॉन घेईन. कामगाराला मुखवटा देता येतो, वायू कोंडून परत वापरता येतो, पाणी शुद्ध करून सोडता येते; उकळत्या पाण्यातील कोशाला असा काही उपाय नाही.

आता लेबलाकडे वळतो. लग्नसराईत नवरदेवाच्या शेरवानीचा खर्च नवरीच्या शालूशी स्पर्धा करू लागला आहे आणि किमतीआधी नाव विचारले जाते. मला नावाचा तिटकारा नाही. उत्तम बेतलेला खांदा, न ओढली जाणारी काखेची शिवण, हाताने केलेले काज यांचे मोल असते आणि कारागिराला ते मिळाले पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. पिढ्यान्पिढ्या कापड उलटे करून, किनार चाचपून भाव ठरवणारी आपली माणसे नावासमोर मात्र हात खिशात ठेवतात.

असा एखादा महागडा कोट उसवून पाहावा. छातीच्या आतील कॅनव्हासमध्ये घोड्याचे केस विणलेले असतात. गुंड्या शिंगाच्या किंवा शिंपल्याच्या असू शकतात. खालची बाजू झळकते ती रेयॉनच्या अस्तराने, किंवा कापसाच्या सरकीवरील तंतूंपासून बनणाऱ्या त्याच्याच भावंडाने, कुप्रोने. ताटात काय आहे हे दहा वेळा विचारणारी आपली मंडळी अंगावरच्या वस्त्राला एकदाही विचारत नाहीत.

नाव आणि सूत यांचे नाते मात्र फार दूरचे नाही. मोहन्याशेजारी शहाडला सेंच्युरी रेयॉन अजून सूत काढते; २०१८ पासून तो व्यवसाय बिर्ला समूहातील ग्रासिम पाहते. त्याच समूहातील फॅशन कंपनीने २०२१ मध्ये सब्यसाची या नावाचा ५१ टक्के हिस्सा घेतला आणि त्याच वर्षी तरुण ताहिलियानी यांच्यासोबत पुरुषांच्या पारंपरिक पोशाखांचे ‘तस्व’ सुरू केले. धागा ते नाव, एका छत्राखाली! पलीकडच्या उल्हासनगरात जीन्सचा प्रचंड उद्योग आहे आणि ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कपड्यांची धुलाई आणि रंग वालधुनी नदीने सोसले. लेबल खरे की खोटे, याने नदीला काही फरक पडला नाही.

सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने कल्याण बंदरातून जाणाऱ्या मालात कापडाची नोंद केली आहे. त्या कापडावर कोणाचे नाव टाचलेले होते, हे त्याने लिहिले नाही. गिऱ्हाईक पोत पाहत असावे.

पोत पाहण्याची जुनी रीत आजही चालते. शेरवानी घेताना शिवणीच्या आतले जादा सूत दोन बोटे मागून घ्यावे आणि घरी चिमट्यात धरून ज्योतीला लावावे. रेशीम केस जळल्यासारखे वास मारते, हळू जळते आणि काळा, चुरा होणारा मणी उरतो. रेयॉन कागदासारखे भर्रकन पेटते; मागे थोडी करडी राख राहते. सूत वितळून कडक गाठ झाली तर ते पॉलिएस्टर, मग पावतीवर ‘सिल्क’ लिहिलेले असो वा ‘सिल्क ब्लेंड’. आणि रेयॉन निघाले तर ते भिजू देऊ नये. ओले झाले की त्याची ताकद बरीच घटते आणि खांद्यावर जरीकामाचे वजन असेल तर तेथेच ते आधी फाटते.