डॉलरवाल्या जेक्वेरीबाई

जेक्वेरी नावाच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीला, म्हणजे आमच्या जेक्वेरीबाईंना, ओळखणं सोपं. कोडच्या ओळीत डॉलरचं चिन्ह दिसलं की समजायचं, बाई घरात आहेत. त्या चिन्हाचा त्यांना भारी अभिमान. पण प्रोटोटाइप नावाची दुसरी लायब्ररीही तोच डॉलर मिरवायची. दोघी एका पानावर आल्या आणि कुणी 'नोकॉन्फ्लिक्ट' म्हटलं, की बाई मुकाट्याने डॉलर तिला देऊन टाकत. मानी खऱ्या, भांडखोर नव्हेत.

२००६ साली जॉन रेसिगने त्यांना आणलं तेव्हा ब्राउझरांमधून विस्तव जात नसे. साधी क्लिक ऐकायची तर इंटरनेट एक्स्प्लोररला एका भाषेत सांगा, फायरफॉक्सला दुसऱ्या. बाई मध्ये उभ्या राहिल्या आणि दोघांना सांभाळलं. आमच्या पिढीतले कितीतरी जण त्यांच्याच हाताखाली वेब शिकले.

आता ब्राउझर शहाणे झाले. घटक शोधायला क्वेरीसिलेक्टर, मेनू उघडमीट करायला क्लासलिस्ट, सर्व्हरकडून माहिती आणायला फेच. गिटहबने २०१८ साली बाईंना निरोप दिला, २०२१ साली बूटस्ट्रॅपच्या पाचव्या आवृत्तीनेही.

पण बाईंचा स्वभाव कळतो तो त्यांच्या जागी साधं जावास्क्रिप्ट लिहायला बसल्यावर. किती गोष्टी त्या पोटात घालत होत्या! पानावर नसलेलं बटण लपवायला सांगा, बाई गप्प. साधं जावास्क्रिप्ट तिथेच 'नल' म्हणून अडून बसतं आणि खालचा कोड ठप्प. नुसतं 'रिटर्न फॉल्स' लिहिलं की बाई फॉर्मही थांबवायच्या आणि घडल्या गोष्टीची खबर वरच्या घटकांपर्यंत जाऊ द्यायच्या नाहीत. अ‍ॅडइव्हेंटलिसनरला या दोन शब्दांचं सोयरसुतक नाही. फॉर्म खुशाल सबमिट होतो. सर्व्हरने ४०४ दिला की बाई 'चूक झाली' म्हणून लगेच सांगायच्या. फेच मात्र तेही उत्तरच समजतो; 'ओके' आहे का, ते आपण बघायचं.

म्हणून बाईंना एका दिवसात घराबाहेर काढू नका. एकेक फाइल घ्या. आधी प्रत्येक 'रिटर्न फॉल्स' शोधा, तिथे प्रिव्हेंटडिफॉल्ट आणि गरज असेल तर स्टॉपप्रोपगेशन लिहा, पान चालवून बघा. शेवटचा डॉलर गेला की मगच त्यांची स्क्रिप्टची ओळ पुसा.