भरीत खायला चक्क जळगावला!

थंडीचा वीकएण्ड म्हटलं की आपली गाडी आपोआप लोणावळा, महाबळेश्वर नाहीतर गोव्याकडे वळते. ‘जळगावला फिरायला चाललोय’ असं ऑफिसात सांगून बघा. समोरचा आधी हसेल आणि मग विचारेल, ‘कुणाचं लग्न आहे का रे?’ जळगाव म्हणजे केळी, सोनं आणि मे महिन्यातलं ४५ डिग्रीचं ऊन, एवढंच आपल्या डोक्यात फिट्ट बसलेलं असतं.

पण डिसेंबर-जानेवारीतलं जळगाव हे वेगळंच प्रकरण आहे. रात्री पारा १० डिग्रीच्या खाली सहज उतरतो. सकाळी उन्हं चांगली वर येईपर्यंत लोक मफलर सोडत नाहीत. आणि संध्याकाळ झाली की गावाबाहेरच्या शेतांतून धुराच्या रेघा वर जायला लागतात. त्या धुराखाली काय चाललंय, हे जळगावकराला विचारावं लागत नाही. वांगी भाजली जातायत, दुसरं काय?

हिरवं, मोठं आणि कमी बियांचं

आपण शहरात भरताला वापरतो ते काळं-जांभळं गोल वांगं इथे कुणी फारसं मोजत नाही. इथलं वांगं हिरवं, त्यावर पांढरट रेघा, आकाराने दांडगं. त्यात बिया कमी आणि गर भरपूर. भाजलं की त्याचा अक्षरशः लोण्यासारखा गोळा होतो. २०१६ साली ‘जळगाव भरीत वांगी’ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी जळगावच्या केळ्यालाही मिळालं, पण केळ्याचं कौतुक सगळ्यांना, वांग्याचं फक्त जाणकारांना!

सीझनला धार्मिक घड्याळही आहे. चातुर्मासात बऱ्याच घरांत कांदा, लसूण आणि वांगं बंद असतं. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवतात, आणि मग मंडळी सुटतात ती सुटतातच. तोपर्यंत शेतात वांगीही जोरात आलेली असतात, पातीचा कांदा कोवळा असतो, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर सगळं बांधावर हजर. बाजारात माल भरपूर, त्यामुळे खिशालाही चटका नाही. थंडीत पोटभर, गरम आणि स्वस्त खायचं असेल तर यापेक्षा सोयीचा महिना नाही.

शहरात जागोजागी ‘भरीत केंद्रं’ लागतात. तिथे किलोवर तयार भरीत मिळतं, सोबत कळण्याच्या पुऱ्या. ऑफिसमधून घरी जाताना लोक डबे भरून नेतात. आपल्याकडे पार्सल म्हणजे पिझ्झा, इथे पार्सल म्हणजे भरीत!

इंधन शेतातलंच

पण खरी मजा शेतावर. आम्ही सहा जण एका मित्राच्या काकांकडे गेलो होतो, आसोद्याजवळ. आसोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. १८८० साली त्यांचा जन्म इथला. अक्षरओळख नसलेल्या या बाईने शेतात राबताना, जात्यावर दळताना गाणी रचली. शाळेत आपण ती पाठ केली, मार्क मिळवले आणि विसरलो. इथल्या बांधावर उभं राहिलं की ती गाणी अभ्यासक्रमातून उठून शेतात परत जातात.

काकांनी जमिनीवर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा थर रचला. या काड्यांना म्हणायचं पऱ्हाटी. वांग्यांना तेलाचा हात लावला, काट्याने टोचे मारले (नाहीतर वांगं फुटतं), काड्यांवर ओळीने मांडली आणि आग लावली. पऱ्हाटी भसकन पेटते आणि लवकर बसते. वरची साल कोळसा होते, आतला गर स्वतःच्याच वाफेवर शिजतो आणि धुराचा वास देठापर्यंत मुरतो. काका लांब काठीने वांगी फिरवत होते, मध्येच म्हणाले, ‘घाई नको करू भो, वांगं आपलं आपण सांगतं.’

ही पऱ्हाटी फुकटची, पण तिचीही एक गोष्ट आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातल्या कपाशीची वाट लावली. ही अळी उरलेल्या बोंडांमध्ये तग धरून पुढच्या हंगामात परत येते. म्हणून कृषी विभाग दरवर्षी ओरडून सांगतो की कपाशी लांबवू नका, फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत शेताबाहेर काढा. आता बरेच शेतकरी मशीनने काड्यांचा भुगा करून जमिनीतच मिसळतात, जमिनीला ते बरंच. काकाही तेच करतात. ‘पण भरितापुरत्या दोन मोळ्या बाजूला ठेवतो,’ असं सांगताना ते हसले. कापसाला भाव मिळो न मिळो, शेतावर काम केलेल्या सगळ्यांना एकदा भरीत खाऊ घालायचं, हा त्यांच्या घरचा जुना रिवाज. वांगी, मिरच्या, पात, कोथिंबीर घरची. विकत काय? तेल आणि मीठ. पंधरा माणसं जेवतात.

बडगीभोवती

साल काढलेली वांगी आली की सूत्रं जातात बडगीकडे. बडगी म्हणजे लाकडाचं खोलगट भांडं. आधी त्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ ठेचायचं. मग वांग्याचा गर टाकून लाकडी मुसळीने घोटत राहायचं. मिक्सरचं नाव काढलंत तर हाकलून देतील! मिक्सरमध्ये गराची पेस्ट होते, बडगीत त्याचे रेशमी धागे राहतात. शेवटी तेलात परतलेले शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, चिरलेली पात आणि कोथिंबीर. झालं.

शेजारी चुलीवर कळण्याच्या भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ. उडदामुळे भाकरीला खमंगपणा येतो, आणि धान्य-डाळ एकत्र आल्यामुळे प्रोटीनचं गणितही आपोआप जमतं. इथली माणसं उडदाला ‘गरम’ म्हणतात आणि थंडीत आवर्जून खातात.

मी भाजणाऱ्यांचं आणि घोटणाऱ्यांचं कौतुक करत होते. तेवढ्यात काकू तव्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, ‘भरीत पुरुष करतात, नाव होतं त्यांचं. तीस भाकरी कोण थापतं ते बी लिही हो.’

तर लिहिते. ‘स्वस्त आणि मस्त’ म्हणून आपण ज्या घरगुती जेवणाचे गोडवे गातो ना, ते बऱ्याचदा स्वस्त असतं कारण एका बाईच्या दोन तासांचं बिल कुणीच लावत नाही. शहरात दोघंही नोकरी करतात, रात्री आठला घरी पोचतात आणि मग रोज ऑर्डर करणं सोपं वाटतं. महिन्याच्या शेवटी कार्डाचं स्टेटमेंट बघून आपण ठरवतो, आता घरीच करायचं. आणि ते ‘घरीच’ एकाच माणसाच्या गळ्यात पडलं, की पंधरा दिवसांत पुन्हा पार्सल सुरू. भरीत मला म्हणूनच आवडलं. त्यात भाजायला एक, सोलायला एक, ठेचायला एक, पात चिरायला एक लागतो. लसूण तर सहा वर्षांचं पोरही सोलतं. फक्त भाकरीचं काम तेवढं वाटून घ्यायचं राहिलंय, तेही घेऊया की!

दहाव्या मजल्यावरचं भरीत

फ्लॅटमध्ये पऱ्हाटी कुठून आणणार? काही बिघडत नाही. गॅसवर जाळी ठेवा. चौघांसाठी साधारण एक किलो वांगी, आठ-दहा कमी तिखट हिरव्या मिरच्या, लसणाचा एक गड्डा, मूठभर शेंगदाणे आणि पातीची एक जुडी पुरे. वांग्याला तेल लावून, टोचे मारून मध्यम आचेवर फिरवत भाजा. देठाजवळ सुरी लोण्यासारखी गेली की झालं. मग भांड्यात घालून दहा मिनिटं झाकून ठेवा, साल आपोआप सुटते. साल काढताना वांगं नळाखाली धरू नका, सगळी चव मोरीत जाईल. गर उघडून आत अळी नाही ना, हेही बघून घ्या.

धुराचा वास हवाच असेल तर एक कोळसा लाल करून वाटीत ठेवा, ती वाटी भरताच्या पातेल्यात ठेवा, कोळशावर चमचाभर तेल सोडा आणि पाच मिनिटं झाकण लावा. खिडकी मात्र सताड उघडी हवी, बंद खोलीत कोळसा पेटवणं धोक्याचं असतं. बडगी नसेल तर जड बुडाचं पातेलं आणि लाटण्याचं टोक चालतं.

कळण्यासाठी चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद आणि थोडं मीठ, हे गिरणीवाल्याला सांगितलं की तो दळून देतो. भाकरी थापता येत नसेल तर त्याच पिठाच्या पुऱ्या करा, जळगावातही भरताबरोबर पुरी चालतेच. एका मोठ्या पिझ्झ्याच्या बिलात सहा जण दोनदा जेवतील.

आठवड्याच्या मधल्या रात्रींसाठी खान्देशाकडे आणखी एक पत्ता आहे, डुबुक वड्या. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण आणि गरम मसाल्याचा झणझणीत पातळ रस्सा उकळायला ठेवायचा. बेसनात तिखट, मीठ, हळद, ओवा घालून घट्टसर भिजवायचं आणि त्याचे छोटे गोळे उकळत्या रश्श्यात सोडायचे. पडताना ‘डुबुक’ आवाज येतो म्हणून हे नाव. शिजले की वर तरंगतात. घरात भाजी नसताना, महिन्याच्या २८ तारखेला, एक वाटी बेसनात चौघांचं जेवण! कुडकुडत घरी आलेल्या माणसाला या रश्श्याच्या वाफेनेच अर्धं बरं वाटतं.

जायचंच असेल तर...

मुंबईहून रेल्वेने जळगाव साधारण ४२० किलोमीटर. रात्री बसलात की सकाळी पोचता. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस दौंड-मनमाडमार्गे जाते, शिवाय रात्रीच्या स्लीपर बसेस आहेतच. अजिंठा लेणी इथून साधारण ६० किलोमीटरवर, पण सोमवारी बंद असतात, तेव्हा शनिवारी लेणी आणि रविवारी भरीत असा बेत आखा. स्वेटर नक्की घ्या. परतताना बॅगेत चार-पाच किलो हिरवी वांगी टाका आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. कारण वांगी भाजायला लागलात की वास जिन्यातून सगळ्या मजल्यांवर जाणार आहे, आणि तुमच्याकडे भाकरी थापायला हात कमीच पडणार आहेत.